समाधानाच्या रकान्यात माझी सही

सरकारी तक्रारीच्या फॉर्मवर सगळ्यात खाली एक रकाना असतो. शिकायतकर्ता संतुष्ट है? हाँ किंवा नहीं. मी 'हाँ'वर खूण केली आणि खाली सही ठोकली. माझ्याच घरात, माझ्याच जेवणाच्या टेबलावर, माझ्याच पेनानं. कुणी हात धरला नव्हता की गळ्यावर सुरी ठेवली नव्हती. त्याला आता दीड वर्ष होत आलं. अजूनही बँकेतला माणूस "मॅडम, यहाँ साइन" म्हणाला की मी अख्खा कागद वरपासून खालपर्यंत वाचून काढते. मागची रांग चरफडते. चरफडू दे.

मी कर्णबधिर मुलांची शिक्षिका. सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी एकवीस वर्षं विज्ञान शिकवलं, तेही हातांनी. नवरा केंद्र सरकारच्या नोकरीत. फोनच्या आणि इंटरनेटच्या कंपन्या सरकारी नियम पाळतात की नाही हे बघणारं ह्यांचं ऑफिस. ह्यांच्या आजवरच्या बदल्या मी उंटावरून शेळ्या हाकल्यासारख्या सांगलीत बसून निभावल्या. पण चंदीगडची बदली आली त्याच वर्षी मुलीला चंदीगडशेजारच्या खरड गावाजवळच्या एका कॉलेजात इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. मग सगळे म्हणाले, आता तू एकटी इथं काय करणार? मी स्वेच्छानिवृत्ती घेतली. माझ्या जागी शाळेत कुणी आलं नाही. पद मंजूर होतं, फक्त माणूस नव्हता.

त्या शाळेत माझी एक मुलगी होती. माझी म्हणजे माझ्या वर्गातली, पण पहिलीपासून माझ्या हाताखाली वाढलेली. वडील रसवंतीवर कामाला, आई शेतमजूर. घरात खुणांची भाषा कुणालाच येत नाही, त्यामुळे पोरगी शाळेत यायची तेव्हाच बोलायची. आणि काय बोलायची! एखादी गोष्ट सांगितली की हिचा हात वर: का? पाणी शंभर अंशांवर उकळतं. का? लोखंड गंजतं, सोनं गंजत नाही. का? एकदा वैतागून मी म्हटलं, बाई गं, माझा जीव खाऊ नकोस. त्यावर तिनं विचारलं, जीव कसा खातात?

आमच्या मुलांना दहावीला विज्ञानाऐवजी सोपा विषय घ्यायची सवलत असते. बहुतेक शाळा सगळ्यांना सरसकट तीच घ्यायला लावतात, कारण निकाल चांगला लागतो. ह्या पोरीला रक्तलघवी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करायचं होतं आणि त्या कोर्सला विज्ञान लागतं. नववीच्या शेवटी मुख्याध्यापिकांनी मला फोन केला. म्हणाल्या, "बाई, विज्ञान शिकवायला माणूस नाही. मी हिला सोपा विषय देते." मी म्हटलं, मुळीच द्यायचा नाही. मी इथून सगळे धडे शूट करून पाठवते, एकूण एक. मग पोरीला व्हिडिओ कॉलवर घेतलं आणि तिलाही तेच सांगितलं. सगळे धडे येतील, माझा शब्द. ती म्हणाली, नक्की? मी म्हटलं, नक्की. आपण फार शहाणे आहोत असं तेव्हा मला वाटत होतं.

क्वार्टरच्या मागच्या खोलीत भिंतीवर निळी चादर लावली आणि कॅमेरा तिकाटण्यावर चढवला. मी गुरुत्वाकर्षण शिकवायला लागले. हातवारे खिडकीतून दिसायचे. शेजारच्या सरदारीणबाईंनी दोन दिवस बघितलं आणि तिसऱ्या दिवशी राहवेना म्हणून विचारलंच, "भैणजी, किहदे नाल लड़ रहे हो?" मी सांगितलं, लढत नाही, शिकवतेय. त्या दिवसापासून माझा धडा चालू असला की त्या त्यांचा प्रेशर कुकर उशिरा लावायच्या. आवाजाचा ह्या धड्यांशी काही संबंध नाही हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

आता धडे पाठवायचे कसे? व्हॉट्सअ‍ॅपवरून गेले की चित्र दाबलं जातं आणि पाच बोटांची तीन दिसतात. ऐकणाऱ्या मुलाला चित्र धूसर चालतं. आमच्या मुलाला बोट दिसलं नाही तर धडाच गेला. फायली मोठ्याच राहायला हव्यात. फुकटची ऑनलाइन जागा दोन धड्यांत भरली. शिवाय शाळेचं नेट दर दहा मिनिटांनी तुटायचं आणि तुटलं की पुन्हा पहिल्यापासून. मग मुलीनं फाइल-शेअरिंगची पद्धत लावून दिली. त्यात फाइलीचे तुकडे होतात. माझा कॉम्प्युटर दिवसभर चालू ठेवायचा आणि शाळेचं नेट येईल तेव्हा तिथला कॉम्प्युटर एकेक तुकडा उचलणार. तुटलं तर तुटलं, पुढच्या तुकड्यापासून सुरू. कोल्हापूरकडच्या आणखी दोन शाळा त्यात आल्या आणि एकमेकींकडूनही तुकडे घेऊ लागल्या. बांधकामावर विटा हातोहात पोचवतात, तसलाच प्रकार. जून ते ऑक्टोबर झकास चाललं. पोरीचे कॉल यायचे, चाचणीचे पेपर दाखवायची, आणि प्रत्येक धड्यामागे तिचे सतरा 'का'.

दिवाळीनंतर मात्र गाडं अडलं. जो धडा दुपारपर्यंत जायचा त्याला आठवडा लागायला लागला. सुरुवातीला मला वाटलं शाळेचंच नेट गेलं असेल. मुख्याध्यापिका म्हणाल्या, इथं ठीक आहे. मग वाटलं आपली लाइनच गचाळ. पण त्याच लाइनीवर हे संध्याकाळी क्रिकेट बघत होते, चित्र काचेसारखं स्वच्छ, एकदा म्हणून अडकायचं नाही. बॉल स्टंपला लागला की बेल्स उडताना मोजून घ्या. आणि मागच्या खोलीत माझा उष्णतेचा धडा तीन दिवस एकाच जागी अडून बसलेला.

शनिवारी मुलगी हॉस्टेलवरून आली. मी मराठीत बोलते, ती इथल्या कॉलेजात गेल्यापासून हिंदीत उत्तर देते, असा आमचा संसार. तिनं अर्धा तास खुडबुड केली. मग माझी तीच फाइल घेऊन खरडला एका मैत्रिणीच्या घरी गेली, जिथं दुसऱ्या कंपनीची लाइन होती. तिथून सुसाट गेली. परत येऊन म्हणाली, "मम्मी, आपकी कंपनी फाइल-शेअरिंग को पहचान के स्लो कर रही है. बाकी सब फास्ट. पक्का." मी म्हटलं, अगं पण मी पूर्ण पैसे भरते की. ती हसली. तिचं ते हसणं मला अजिबात आवडलं नाही. रोज खरडला जाऊन भागणार नव्हतं, कारण कॉम्प्युटर दिवसभर चालू ठेवायचा होता. आणि ती दुसरी कंपनी आमच्या सरकारी वसाहतीत तार टाकत नव्हती.

सोमवारी मी सेक्टर १७ला कंपनीच्या ऑफिसात गेले. काचेच्या खोलीत एक मॅनेजर होता, मुलाच्या लग्नाचे पेढे वाटत बसलेला. मलाही दिला. मी पेढा हातात धरून सगळं सांगितलं. तो अगदी गोड हसला. "मॅडम जी, ये फाइल-शेअरिंग तो पिक्चर चोरी करनेवालों का काम है. आप शरीफ़ घर के हो, क्यों पड़ते हो इसमें?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एकवीस वर्षं मुक्या लेकरांना शिकवलं आणि सेक्टर १७च्या एसीत बसून हा मला चोर म्हणतो! मी मोबाइल काढला आणि त्याच्या नाकासमोर माझा गुरुत्वाकर्षणाचा धडा लावला. म्हटलं, ये देखिए, ये पिक्चर है. हिरोइन मैं हूँ. त्यानं दोन मिनिटं बघितलं. मग म्हणाला, बहुत नेक काम है जी, पण मशीनला कोणाचं नेक आणि कोणाचं चोरीचं हे कळत नाही, संध्याकाळी गर्दी असते, ट्रॅफिक मॅनेजमेंट करावं लागतं. मी विचारलं, मग सकाळी अकरालाही तसंच का? तो म्हणाला, "वो मैं ऊपर पूछता हूँ." तो पेढा मी त्याच्या टेबलावर ठेवून आले.

त्या रात्री जेवताना ह्यांना सांगितलं. हे कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या ऑफिसातले साहेब, तेव्हा मला वाटलं, झालं काम. आणि नियम माझ्यासाठी काही नवीन नव्हता. तो आला तेव्हा ह्यांनीच मला केवढ्या अभिमानानं समजावला होता. कंपनीनं तारेतून जाणाऱ्या माहितीत दुजाभाव करायचा नाही, कुणाची मुद्दाम हळू करायची नाही, कुणाची मुद्दाम पुढं काढायची नाही. गर्दी सांभाळायची थोडी मुभा, पण तीही सगळ्यांना सांगून-सवरून. मी म्हटलं, मग काढा नोटीस.

हे म्हणाले, "अगं, असं कसं? तक्रार लागते."

"ही करतेय की तक्रार. तुमच्यासमोर बसून करतेय."

"बायकोची तक्रार नवऱ्यानं घ्यायची? लोक काय म्हणतील? रीतसर ऑनलाइन कर. माझ्या हाताखालचे लोक बघतील, मी त्यात पडणार नाही."

आपलेच दात आणि आपलेच ओठ. मुलीनं आणखी एक वाट सांगितली होती, की सगळी वाहतूक एका बुरख्यातून पाठवायची, म्हणजे कंपनीला ती ओळखू येत नाही. ह्यांनी तीही बंद केली. म्हणाले, नियम बघणाऱ्या अधिकाऱ्याच्या घरात पळवाटा नकोत. माणूस प्रामाणिक आहे हो, लाच म्हणून कधी बिस्किटाचा पुडा घेतलेला नाही. पण कधीकधी वाटतं, थोडा कमी प्रामाणिक असता तर बरं झालं असतं.

मी रीतसर तक्रार केली. धडा कोणता, कधी लावला, किती गेला, सगळं लिहिलं. खरडच्या घरून तीच फाइल किती वेळात गेली तेही लिहिलं. जानेवारीत निरोप आला की गुरुवारी पाहणीला येतोय. पाहणी संयुक्त असते. म्हणजे सरकारी माणसं आणि कंपनीचा माणूस एकत्र येतात, आणि म्हणून कंपनीला आठवडाभर आधी पत्र जातं: अमक्या तारखेला, अमक्या पत्त्यावर, अमकी गोष्ट तपासणार आहोत. मी ह्यांना विचारलं, चोराला आधी कळवून धाड घालतात का कुठं? हे म्हणाले, ही धाड नाही, ही पाहणी आहे, ही प्रोसिजर आहे. प्रोसिजर हा शब्द आमच्या घरात देवासारखा उच्चारतात.

गुरुवार उजाडला तो दाट धुक्यात. समोरचं झाडही दिसत नव्हतं. मी सकाळी सातला कॉम्प्युटर लावला आणि बघतच राहिले. नोव्हेंबरपासून तुंबलेले धडे धडाधड निघाले होते. उष्णता गेला. अपवर्तन गेला. भिंगे निम्मा गेला होता. मुख्याध्यापिकांचा मेसेज, "बाई, काय जादू केलीत!" अकरा वाजता माणसं आली तेव्हा चार धडे पोचलेले होते, आणि ती जेवून निघेपर्यंत सहा.

आली होती ह्यांच्या हाताखालची दोघं आणि कंपनीचा एक इंजिनिअर. बुटांना चिखल लागलेला म्हणून दारातच काढत होते. मी नको म्हणाले तरी काढले. दोघांपैकी वयानं मोठे होते ते मला भाभीजी म्हणायचे. आदल्या वर्षी ह्यांना डेंगी झाला तेव्हा ह्याच माणसानं मध्यरात्री रक्त दिलं होतं. त्यांनी लॅपटॉप लावला, वेग मोजायच्या साइटवर गेले, आकडा बघितला. उत्तम. मी म्हटलं, ती साइट नेहमीच उत्तम दाखवते, तिला कोण हळू करतंय? फाइल-शेअरिंग बघा. त्यांनी तेही बघितलं. तेही उत्तम. कंपनीचा इंजिनिअर खाली मान घालून मोबाइल बघत होता.

मी म्हटलं, आज चालतंय कारण आज तुम्ही आलात. उद्या येऊन बघा. परवा न सांगता या. मोठे म्हणाले, "भाभीजी, हम तो आज का ही लिख सकते हैं." मी म्हटलं, मग तसंच लिहा, की पाहणीच्या दिवशी चालू झालं. त्यांनी लॅपटॉप मिटला. तेवढ्यात हे जेवायला घरी आले. पाहणीत पडायचं नाही म्हणून मुद्दाम उशिरा आले होते, पण एक वाजून गेला होता आणि घर ह्यांचंच होतं. पानं घेतली होती. पंजाबात दारी आलेल्याला न जेवता पाठवायचं नाही, आणि आमच्याकडेही नाही. मी मटकीची उसळ, भाकरी आणि शिरा केला होता. सगळे मिटक्या मारत जेवले. इंजिनिअरनं भाकरी दोनदा मागून घेतली.

जेवणं झाल्यावर फॉर्म पुढं आला. वर लिहिलं होतं की तपासणीत सेवा समाधानकारक आढळली. खाली तो रकाना. मी पेन हातात घेतलं आणि म्हटलं, मी 'नहीं'वर खूण करणार. मोठ्यांनी ह्यांच्याकडे बघितलं. इंजिनिअरनंही बघितलं. सगळ्यांनाच माहीत होतं की 'नहीं' म्हटलं तर प्रकरण वर जाणार, आणि वरून प्रश्न येणार: साहेबांच्या घरची तक्रार साहेबांच्याच माणसांना सोडवता आली नाही? हे बडीशेप चघळत होते. चघळायचे थांबले. मग पाहुण्यांना कळू नये म्हणून मराठीत, अगदी हळू म्हणाले, "अगं, कर ना सही. माझ्या हाताखालची माणसं आहेत. चालतंय ना आता? मग?"

तीस वर्षांच्या संसारात मी ह्यांच्याशी कडाकडा भांडलेली आहे. सासूशी भांडले, शिक्षणाधिकाऱ्याशी भांडले, सेक्टर १७मध्ये त्या मॅनेजरशी भांडले. पण तीन पाहुणे पानावरून उठलेले, त्यांच्या देखत नवऱ्याचं तोंड पाडायचं? ते मला जमलं नाही. आणि खरं सांगायचं तर मनात एक लोभही होता, की चालतंय ते चालू राहील. मी 'हाँ'वर खूण केली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आणि हातांवरच तर माझं पोट होतं.

शुक्रवारी दुपारपर्यंत फाइल-शेअरिंग पुन्हा मेलं. धातूंचा धडा सुरुवातीलाच अडकला.

शनिवारी मुलगी आली. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "मम्मी, आपने साइन क्यों किया?" मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी घासली. नवी तक्रार केली. उत्तर आलं, याच विषयावरची तक्रार समाधानानं निकाली निघाली आहे, सोबत प्रत जोडली आहे. प्रत उघडली तर माझीच सही. तिसऱ्यांदा केली, पुन्हा तेच. सरकार मला माझीच सही परत परत पाठवत होतं. ह्यांना विचारलं तर म्हणाले, "नियम चांगला आहे गं. पण कंपनीला धरायचं तर असंतुष्ट तक्रारदार लागतो. फाइलीत तू संतुष्ट आहेस." हे त्यांनी वाईट हेतूनं म्हटलं नव्हतं. त्यांना खरंच वाईट वाटत होतं, चेहराच सांगत होता. म्हणून तर जास्त संताप आला. मार्चमध्ये त्यांच्या ऑफिसचा वार्षिक अहवाल तपासायला घरी आला. त्यात एक ओळ होती की या प्रकारची एकही तक्रार प्रलंबित नाही. तेही खरंच होतं.

त्याआधीच मी उरलेले सगळे धडे हार्ड डिस्कवर भरले आणि पोस्टानं पाठवले. हे सुचायला मला फेब्रुवारी उजाडला. आधी का सुचलं नाही? कारण मी नियमावर विसंबले होते, तक्रारीच्या नंबरावर विसंबले होते, नवऱ्यावर विसंबले होते. डिस्क शाळेत पोचली तेव्हा दहावीची मुलं अभ्यासाच्या सुट्टीवर घरी गेली होती. पोरीच्या घरी कॉम्प्युटर नाही. शिपायानं डिस्क कपाटात ठेवली. वरातीमागून घोडं म्हणायचं, तर इथं वरातही निघून गेली होती.

जूनमध्ये निकाल लागला. बाकी सगळ्या विषयांत पास, विज्ञानात नापास. सोपा विषय घेतला असता तर ती पहिल्या वर्गात आली असती.

मी पोरीला कॉल केला. उचलला नाही. चार दिवस उचलला नाही. तिच्या आईच्या फोनवर केला, तिनं सांगितलं की पोरगी बाजारपेठेत साडीच्या दुकानात लागलीय, घड्या घालायला. मी म्हटलं, जुलैत पुन्हा परीक्षा असते, फी मी भरते, तिला म्हणावं फॉर्म भर. आई म्हणाली, "बाई, तीच नको म्हणतीया. आता ह्यो नाद सोडा." शेवटी एका दुपारी पोरीनंच कॉल केला. दुकानाच्या जिन्याखाली उभी होती. मागे साड्यांचे खोके. मी लगेच परीक्षेचं सुरू केलं. तिनं हात वर करून मला थांबवलं. असं तिनं पूर्वी कधी केलं नव्हतं.

ती म्हणाली, मला एक विचारायचंय. दिवाळीनंतर तुमचे धडे आले नाहीत. मग जानेवारीत एका दिवसात सहा आले. मग परत एकही नाही. तेव्हा मला कळलं, तुमच्या मनात असलं की येतात. तुम्हाला माझा कंटाळा आला होता का? मी फार 'का' विचारते म्हणून?

माझ्या खुणा चुकायला लागल्या. आमच्या भाषेत बोबडी वळते ती अशी. मी सांगितलं, नाही गं, धडे तयार होते. कंपनी ते अडवत होती. मी तक्रार केली. सरकारची माणसं घरी आली, त्या दिवशी कंपनीनं वाट सोडली म्हणून सहा आले. मग त्यांनी मला लिहून द्यायला सांगितलं, तुमचं समाधान झालं का?

तुम्ही काय लिहिलं?

मी म्हटलं, हो लिहिलं.

खोटं? का?

हिला प्रयोगशाळेत काम करायचं होतं आणि तिचा प्रश्नही तसाच होता, नेमका. त्याला उत्तरही नेमकंच द्यायला हवं होतं. मी म्हटलं, माझ्या नवऱ्याला त्याच्या माणसांसमोर लाज वाटू नये म्हणून.

मी वाट बघत होते, आता पुढचा 'का' येईल आणि मी ह्यांच्यावर, सरकारवर, त्या गोड मॅनेजरवर सगळं काही ढकलून मोकळी होईन. 'का' आलाच नाही. ती म्हणाली, बरं, मालक हाका मारत असेल, मला ऐकू येत नाही, जाते. आणि तिनं कॉल बंद केला.